उजव्या बाजूची काच

लोक तिला नाकवाली म्हणत. तोंडावर नाही हं. तोंडावर ताई, काकू, मावशी, ज्याच्या वयाला जे शोभेल ते. पण तिची पाठ वळली की हळूच, "ती बघ, नाकवाली निघाली." तिला हे पुरतं ठाऊक होतं. कधी रंगात आली की स्वतःच म्हणायची, "तुमच्या नाकात काय दडलंय ते मी बघून बसलेय, जपून बोला माझ्याशी." आणि समोरचा कितीही मोठ्या मिशीचा असो, त्याचा हात आपसूक नाकाकडे जायचा.

तिचं कामच तसं होतं. नाक-कान-घशाच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक अरुंद खोली. खोलीत मोरी, मोरीच्या फरशीवर जांभळ्या रंगाचे डाग, असे मुरलेले की ॲसिडलाही दाद देत नव्हते. खिडकीशी टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्यावर जुन्या पडद्याचं शिवलेलं टोपडं. पेशंट स्टुलावर बसायचा, मान जराशी मागे टाकायचा, आणि ती प्लास्टिकची इवलीशी चमची नाकात घालून आतल्या मांसल पडद्यावरून अलगद खरवडायची. डोळ्यांत पाणी यायचं, एखादी शिंक यायची, संपलं. चमचीवर आलेलं काचेच्या पट्टीवर पसरायचं, वाळवायचं, रंगवायचं, धुवायचं, आणि वर तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली सरकवायचं.

आता तुम्ही म्हणाल, सर्दी ती सर्दी, त्यात एवढं काय बघायचंय? तिथेच तर चुकतं. शिंका सगळ्यांच्या सारख्या, कारणं सारखी नाहीत. कुणाला धुळीचं वावडं असतं, कुणाच्या नाकात जंतूंनी ठाण मांडलेलं असतं, आणि कुणाचं नाक नुसत्या गार वाऱ्याने वाहतं, काचेवर बघावं तर काही म्हणजे काही नाही. वावडं असलं की नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी दिसायच्या. जंतू असले की पोटात तुकडे तुकडे असलेल्या पेशींची गर्दी, आणि त्यांच्यात काळपट ठिपके. नाक ठणठणीत असलं की डोक्यावर लव असलेल्या उंच पेशी ओळीने उभ्या, दात घासायच्या ब्रशासारख्या. काय दिसलं ते ती डॉक्टरांना सांगायची, आणि पुढचं डॉक्टर बघायचे.

एक नियम मात्र तिचा स्वतःचा. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या डोक्यात तो ती पहिल्याच दिवशी ठोकून बसवायची. दोन नाकपुड्या, दोन काचा. "चोर पकडलात आणि त्याचा एकच खिसा तपासून सोडून दिलात, तर तुम्हाला काय म्हणायचं?" असं विचारायची. मुली हसायच्या, पण विसरायच्या नाहीत.

नवराही तिला ह्याच खोलीत भेटला. सुतार होता. कपाटं, दारं, टेबलं करायचा, हात सोन्याचा, आणि नाक म्हणजे नळ. पहिल्या दिवशी त्याने अशी शिंक दिली की खिडकीशी वाळत ठेवलेल्या काचा खडखडल्या. तिने काचा बघितल्या, तर दोन्हीकडे नारिंगी पेशींशिवाय दुसरं काही नाही. लाकडाच्या भुशाचं वावडं, आणि धंदा सुताराचा! माशाला पाणी सोसू नये, तशातली गत.

"धंदा बदला," ती म्हणाली.

"नाक बदलून मिळतं का बघा ना," तो म्हणाला. "धंदा बापाचा आहे, नाक माझं एकट्याचं."

तिला हसू फुटलं. हसली ती फसली म्हणतात, तसंच झालं. त्यानंतर तो बरा असतानाही शिंकत यायला लागला. खोट्या शिंका तिला लगेच कळायच्या, पण तिने सांगितलं नाही. लग्न झालं, घर झालं, सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या. एक मुलगी झाली, मोठी झाली, नोकरीसाठी दूरच्या गावी गेली. मधूनअधून ती नवऱ्याला स्टुलावर बसवायची आणि दोन काचा करायची. दरवेळी तेच नारिंगी दाणे. "आली बघा तुमची जुनी पलटण," असं म्हणायची. मास्क वापरा म्हणून कानीकपाळी ओरडायची. तो वापरायचाही, गळ्यात.

आणि मग एकदा त्याचं नाक चोंदलं ते उजव्या बाजूचंच.

पहिल्यांदा तिनेही मनावर घेतलं नाही. वावड्याने चोंदलेलं नाक कसं, आज ही बाजू, उद्या ती. पण हे हलेचना. डावीकडून वारा यायचा-जायचा, उजवीकडे खुंटी मारल्यासारखं बंद. तो तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला. जेवताना मध्येच थांबायचा. नंतर एका सकाळी धुवायला टाकलेल्या त्याच्या रुमालावर तिला लाल रेघ दिसली. बारीक, दोऱ्याएवढी.

दुसऱ्या कुणा बाईला दिसली असती तर तिने म्हटलं असतं, उष्णता झाली असेल. हिला तसं म्हणता येईना. डॉक्टरांना पेशंटांना बजावताना तिने इतकी वर्षं ऐकलं होतं, "एकाच बाजूचं नाक बंद झालं आणि रक्त आलं, तर सर्दीच्या गोळ्या खात बसू नका. सरळ माझ्याकडे या, दुर्बिणीने बघू." त्यातून सुतारांनी, वर्षानुवर्षं भुसा हुंगलेल्या माणसांनी, तर आधी यायचं. आपल्या चमचीचं आणि काचेचं हे काम नव्हे, हेही तिला चांगलं कळत होतं. काच सर्दीची जात सांगते. आत गाठ आहे का, ते सांगत नाही.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे ते बघणार, आणि बघितलं म्हणजे सांगणार. ती काही डॉक्टरांकडे गेली नाही. एका दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेले असताना तिने नवऱ्याला फोन केला. "या जरा. जुनंच असेल तुमचं, बघून टाकू एकदा."

तो आला. भुशाने माखलेले हात त्याने मोरीत धुतले आणि स्टुलावर बसला. बसला तो जरा तिरका. नेहमी समोर बघणारा माणूस, त्या दिवशी उजवा गाल भिंतीकडे आणि डावा तिच्याकडे. एरवी तिने खांदा धरून त्याला सरळ केला असता. तिने केलं नाही. चमची उचलली आणि डाव्या नाकपुडीत घातली. मोकळ्या, धडधाकट नाकपुडीत.

काचेवर पसरून झालं. आता "उजवी" असं म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. तो जिभेपर्यंत आला. तिला वाटलं, चमची आत घातली आणि भळकन रक्त आलं तर? चमचीला काही टणक लागलं तर?

"झालं," ती म्हणाली.

तो इतक्या चटकन उठला की स्टूल आडवं झालं.

काच वाळेपर्यंत ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. रंगवली, धुतली, भिंगाखाली धरली. नारिंगी दाणे. तीच जुनी पलटण, ओळखीची, लाडाची म्हणावी अशी. तिला रडूच आलं. संध्याकाळी घरी जाऊन तिने हसत हसत सांगितलं, "काही नाही हो, जुनंच आहे तुमचं." तो म्हणाला, "म्हटलंच होतं मी." त्या संध्याकाळी दोघं कधी नव्हे ते बागेत फिरायला गेले, बाकावर बसले, आणि तो भिंतीवरून धावणाऱ्या मांजराला बघून उगाचच खूप हसला.

खोटं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. काचेवर जे होतं तेच सांगितलं. पण कोणत्या बाजूची काच, ते तिने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

पुढचे चार-पाच महिने ती कशी जगली ते तिचं तिला माहीत. ती बाजारातून गडद तपकिरी रुमाल घेऊन आली. पांढरे सगळे कपाटाच्या मागे टाकले. "पांढरे लवकर मळतात," म्हणाली. त्याने निमूटपणे तपकिरी रुमाल खिशात घातला. तपकिरीवर रक्त दिसत नाही. तिच्या जिवाला तेवढाच आधार. दवाखान्यात मात्र कुणी एका बाजूचं नाक धरून आला की ती चमचीला हातही लावायची नाही. "आधी आत डॉक्टरांकडे जा, आत्ताच्या आत्ता," म्हणून त्याला जवळजवळ ढकलायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! घरी नवरा खोकला की तिचा हात जिथल्या तिथे थांबायचा. तो आरशासमोर जास्त वेळ उभा राहिला की ती भांड्यांचा आवाज करायची. देवाला नवस बोलायलाही तिला भीती वाटायची, कारण कशासाठी ते नवसात सांगावं लागलं असतं. मग त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. "भुसा गेला असेल," तो म्हणाला. "हो, भुसाच," ती म्हणाली.

बोलल्या त्या सासूबाई. म्हातारीची नजर अधू झालेली, पण धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचं काम तिने कुणाला दिलं नव्हतं. एका सकाळी उशीचा अभ्रा हातात घेऊन ती पलंगावर बसली होती. बोटं एकाच जागी फिरत होती.

"इथे कडक लागतंय," ती म्हणाली. "रक्त धुतलं तरी असं राहतं. गरम पाण्यात टाकलास ना?"

सुनेने अभ्रा काढून घ्यायला हात पुढे केला.

"तुझ्या सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं," म्हातारी म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "एकाच बाजूने. मीही अशीच घड्या घालून ठेवत गेले. वाटायचं, बोललं की खरं होईल. मी नाही बोलले आणि तरी खरं झालं." मग तिचा आवाज चढला. "मी अडाणी होते गं! मला कुठे काय कळत होतं? तुला तर कळतं ना? मग तू काय म्हणून अशी दातखीळ बसल्यासारखी बसलीस?"

नाकवाली जमिनीवर बसली. सासूच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तिने सांगून टाकलं, एकच काच केली ते. म्हातारीने तिच्या केसांवरून हात फिरवला नाही. फक्त म्हणाली, "ऊठ. त्याला घेऊन जा."

डॉक्टर एरवी बडबडे. दुर्बीण नाकात घालता घालता ते पेशंटला त्याच्या सासुरवाडीची चौकशी करायचे. त्या दिवशीही त्यांनी "काय सुतारसाहेब, आमच्या दाराची कडी कधी बसवताय?" असं विचारलं, नळी आत सरकवली, आणि पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत. ती दाराशी उभी होती. डॉक्टरांचा चेहरा दुर्बिणीआड होता, पण बोलता माणूस गप्प होतो म्हणजे काय, ते तिला समजलं.

गाठीचा तुकडा काढून मोठ्या रुग्णालयात पाठवला. उत्तर आलं ते वाईट आलं. स्कॅनमध्ये गाठ नाकातून निघून डोळ्याच्या भिंतीपलीकडे सरकलेली दिसली. नवरा बाहेर बाकावर असताना तिने डॉक्टरांसमोर सगळं ओकून टाकलं आणि विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर?"

डॉक्टर तिला खोटा दिलासा देणाऱ्यातले नव्हते, आणि टोचून बोलणाऱ्यातलेही नव्हते. "बहुधा भिंतीच्या अलीकडे असती," ते म्हणाले. "नक्की कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही त्यांना हे सांगितलंत?"

"नाही."

"सांगायला हवं."

तिने मान डोलावली. पण सांगितलं नाही. आता भीती वेगळीच होती. त्याच्या मरणाची होतीच, ती काही कुठे गेली नव्हती. तिच्या जोडीला ही दुसरी येऊन बसली, की उद्या तो वाचला आणि कळल्यावर तोंड फिरवून बसला तर? आयुष्यभर ज्या माणसाच्या नाकाला नावं ठेवली, तो आपलं नाव घेईनासा झाला तर?

मोठ्या रुग्णालयातल्या सर्जननी स्पष्टच सांगितलं. गाठ निघेल, पण उजवा डोळा तिच्यासोबत काढावा लागेल. डोळा ठेवला तर माणूस राहण्याची खात्री नाही. नवऱ्याने ऐकून घेतलं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली, आणि म्हणाला, "काढा." बस्स, एवढंच. शस्त्रक्रिया चालली होती तेव्हा ती आणि सासूबाई बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात बसल्या होत्या. दार उघडलं की दोघी एकदम उठायच्या आणि दुसऱ्याच कुणाचा माणूस बाहेर आला की एकदम बसायच्या. म्हातारीने तिचा हात धरला होता, आणि तो हात इतका गार होता की कोण कुणाला धीर देतंय ते कळत नव्हतं. सरतेशेवटी सर्जन आले. गाठ निघाली होती. किरणांचे शेक द्यावे लागतील, वरचेवर तपासायला यावं लागेल. माणूस होता. डोळा नव्हता.

तो बोलायला लागला तेव्हा अर्ध्या चेहऱ्यावर जाडजूड पट्टी होती. सलाइन बदलायला आलेल्या नर्सला तो म्हणाला, "काळजी करू नका सिस्टर. फळी सरळ आहे का बघायला सुतार नाहीतरी एक डोळा मिटूनच घेतो." नर्स हसली. कोपऱ्यात उभी असलेली त्याची बायको हसली नाही. नर्स गेल्यावर ती पलंगाशी आली, स्टूल ओढलं, आणि आता नाही तर कधीच नाही असं स्वतःला बजावून तिने तोंड उघडलं.

"मी त्या दिवशी एकच काच केली होती. डाव्या बाजूची. उजवी मी खरवडलीच नाही. मला भीती वाटली. आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं, काही नाही म्हणून."

त्याने गळ्यापर्यंत आलेली चादर खाली सारली. खाली कुठेतरी ढकलगाडीचं चाक कुरकुरत होतं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अगं, इतक्या वर्षांत तू माझं एकाच बाजूचं नाक खरवडून कधी सोडलंस? मीच तिरका बसलो होतो ना. मुद्दाम. म्हटलं, आता ओरडेल, सरळ बसा, उजवी दाखवा. तू ओरडली नाहीस. तेव्हाच कळलं मला, तुलाही तेच वाटतंय म्हणून. आणि मग मी इतका घाबरलो की बाहेर पडून सायकलला किल्ली लावता येईना. तू रुमाल आणलेस ना तपकिरी, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, तिलाही बोलायचं नाहीये."

तिला वाटलं होतं, तो रागावेल, किंवा क्षमा करेल. दोन्हीची तिने तयारी करून ठेवली होती. ह्याची केली नव्हती. तिच्या अंगाचा भडका उडाला.

"मग बोलला का नाहीत?" ती ओरडलीच. "एक शब्द! नुसतं 'उजवी बघ' म्हणाला असतात तर आज तुमचा डोळा..."

तोच शब्द तिच्याही जिभेवर येऊन परत गेला होता.

त्याने तिच्या बाजूला हात लांबवला. ती त्याच्या उजवीकडे बसली होती, त्याला आता दिसत नव्हतं त्या बाजूला. हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटला. त्याने पुन्हा चाचपलं. ती त्या हाताकडे नुसती बघत राहिली आणि मग तिने तो दोन्ही हातांनी पकडला.

"ऐक," तो म्हणाला. "सगळा डोळा एकटीच्या नावावर लावून घेऊ नकोस. निम्मा माझा आहे. मीच घालवला तो निम्मा."

मग मात्र तिला आवरलं नाही. ती हंबरडा फोडून रडली, वॉर्डात माणसं आहेत, सासूबाई दाराशी आहेत, कशाकशाचं भान तिला राहिलं नाही. तोही रडत होता, एका डोळ्याने. नर्स धावत आली. "काय झालं? कुठे दुखतंय?" असं तिने दोनदा विचारलं, आणि दोघांपैकी कुणालाच सांगता येईना.